संकटकाळीं शेअरबाजार आणि बिटकॉइन

संकटकाळीं पैसा कोठें ठेवावा, हा प्रश्न सराफकट्ट्याइतकाच जुना आहे. महाराष्ट्रांतील जुन्या पिढीनें त्याचें उत्तर सोन्यांत आणि जमिनींत शोधलें. पुढें बँकेची ठेव, पोस्टाचें बचतखातें व सरकारी कर्जरोखे आले आणि शहरांतील मध्यम वर्गानें त्यांत कंपन्यांच्या शेअर्सची भर घातली. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या यादींत एक अगदीं निराळी वस्तु येऊन बसली आहे. ती वस्तु म्हणजे बिटकॉइन, आणि त्याच्या मागोमाग जन्मास आलेलीं हजारों संगणकी नाणीं. लोक त्या सर्वांना मिळून क्रिप्टो म्हणतात.

बिटकॉइनचे पुरस्कर्ते त्यास अंकरूपी सोनें म्हणतात. त्यांचें म्हणणें असें कीं, सरकारें चुकोत, बँका बुडोत, शेअरबाजार कोसळो, या नाण्याचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं; म्हणून बाकी सर्व बुडत असतां तें तरून राहील. हा दावा खरा असेल तर प्रत्येक सावध गृहस्थानें आपल्या पुंजीचा लहानसा भाग त्यांत ठेवणें शहाणपणाचें ठरेल. खोटा असेल तर मात्र परिणाम साधा नाहीं. ज्या महिन्यांत नोकरी जाते, दुखणें येतें किंवा मुलाच्या शिक्षणाची फी भरावयाची असते, नेमक्या त्याच महिन्यांत राखून ठेवलेली पुंजी निम्मी झालेली आढळेल. इ. स. २०२० पासून संकटें एकामागून एक अशीं आलीं कीं, दाव्याची परीक्षा पाहण्यासाठीं कोणास तर्क लढवीत बसण्याचें कारण उरलेलें नाहीं.

या नाण्याचा जन्मच मुळीं एका संकटांत झाला. १५ सप्टेंबर २००८ रोजीं अमेरिकेंतील लेहमन ब्रदर्स ही बडी पेढी दिवाळ्यांत निघाली आणि जगभरच्या बँकांवरील विश्वास डळमळला. त्यानंतर दीड महिन्यानें, ३१ ऑक्टोबर रोजीं, सातोशी नाकामोतो असें नांव धारण करणाऱ्या कोणा अज्ञात इसमानें किंवा इसमांनीं नव्या नाण्याची योजना प्रसिद्ध केली. ३ जानेवारी २००९ रोजीं त्या नाण्याच्या खातेवहीचें पहिलें पान लिहिलें गेलें, तेव्हां लंडनच्या टाइम्स पत्रांतील त्याच दिवशींचा एक मथळा त्यांत नोंदविण्यांत आला. मथळा होता बँकांना सरकारकडून द्यावयाच्या दुसऱ्या मदतीविषयीं. बँका आणि सरकारें यांजवरील अविश्वास या नाण्याच्या बारशालाच असा कोरला गेला. एकंदर नाणीं २ कोटी १० लाखांहून अधिक कधींही निघावयाचीं नाहींत, अशी मर्यादाही त्यास घालून दिलेली आहे. सोन्याशीं तुलना करण्यास आधार मिळतो तो येथें.

पहिलीं दहा-अकरा वर्षें हें नाणें खरोखरच आपल्या आपल्यांत वाढत राहिलें. तें बाळगणारे लोक थोडे, संगणकाचे शोकी आणि कांहींसे हटवादी होते. मोठ्या पेढ्या त्यास शिवत नसत. शेअरबाजार वर जावो कीं खालीं, या मंडळींना त्याचें सोयरसुतक नव्हतें. त्यामुळें दोन्ही बाजारांची चाल जुळत नसे, आणि न जुळणें हा नाण्याचा अंगभूत गुणच होय, असा समज दृढ झाला. वस्तुतः तो गुण नाण्याचा नव्हता. तें कोणाच्या हातीं होतें, त्या हातांचा होता. ही गोष्ट उघड होण्यास २०२० चा मार्च महिना उजाडावा लागला.

११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडचा फैलाव ही जागतिक महामारी असल्याचें जाहीर केलें. दुसऱ्या दिवशीं, गुरुवारीं, मुंबईचा सेन्सेक्स २,९१९ अंकांनीं, म्हणजे शेंकडा आठांहून अधिक, खालीं आला. कांहीं तासांनीं न्यूयॉर्कचा बाजार उघडला. तेथील पांचशें मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, ज्यास एस अँड पी ५०० म्हणतात, त्या दिवसाअखेर शेंकडा साडेनऊनें घसरला. १९८७ च्या ऑक्टोबरनंतर इतका वाईट दिवस त्या बाजारानें पाहिला नव्हता. अंकरूपी सोन्यानें चमकावें असा प्रसंग याहून दुसरा कोणता असणार? पण बिटकॉइनचा भाव त्या एका दिवसांत ७,९०० डॉलरच्या आसपासून ५,००० डॉलरच्या खालीं आला, आणि कांहीं पेढ्यांवर तर तो ४,००० च्याही खालीं गेला. शेअर्स एक दशांशानें उतरले, तर शेअर्सपासून रक्षण करणारें नाणें दोन पंचमांशांनीं उतरलें. योगायोगाची गोष्ट अशी कीं, अवघ्या आठ दिवसांपूर्वीं, ४ मार्च रोजीं, भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें रिझर्व्ह बँकेचें २०१८ चें परिपत्रक रद्द ठरवून या नाण्यांच्या व्यवहारांना बँकांचे दरवाजे पुन्हां मोकळे करून दिले होते.

असें कां व्हावें, हें समजून घेण्यास बाजाराच्या माजघरांत डोकावणें अवश्य आहे. मोठे व्यापारी शेअर्स घेतात ते बहुधा सर्वस्वीं स्वतःच्या पैशानें घेत नाहींत. कांहीं रक्कम स्वतःची व बाकीची उसनी असते, आणि घेतलेले शेअर्सच तारण राहतात. भाव उतरला कीं तारण अपुरें पडतें आणि सावकाराचा तगादा येतो: आज संध्याकाळपर्यंत आणखी रोकड भरा, नाहीं तर तारण विकूं. बाजाराच्या भाषेंत यास मार्जिनचा तगादा म्हणतात. असा तगादा आला असतां माणूस सर्वांत वाईट वस्तु विकावयास काढत नाहीं. जी तात्काळ विकली जाईल ती काढतो. जमीन एका दिवसांत विकत नाहीं, पडलेल्या शेअर्सना गिऱ्हाईक नसतें. पण बिटकॉइन मध्यरात्रीं, रविवारीं, दिवाळीच्या पाडव्यालाही विकतां येतें. ज्या सोयीची एरवीं वाखाणणी होते, तीच संकटांत त्याचा घात करते. खऱ्या सोन्यासही त्या आठवड्यांत हीच झळ लागली, व अमेरिकन सरकारचे कर्जरोखे, ज्यांहून सुरक्षित कागद जगांत नाहीं असें मानतात, तेही विक्रीस निघाले होते. लोकांना त्या क्षणीं नफा नको होता, सुरक्षितताही नको होती; हातांत रोकड डॉलर हवे होते.

तथापि सोनें कांहीं टक्क्यांनीं उतरलें आणि बिटकॉइन चाळीस टक्क्यांनीं, हा फरक एवढ्यानें उलगडत नाहीं. त्याचें कारण क्रिप्टोच्या स्वतःच्या बाजारांतील उसनवारींत आहे. समजा, एकानें स्वतःचा एक लाख रुपया घालून नऊ लाख उसने घेतले आणि दहा लाखांचीं नाणीं खरेदी केलीं. भाव शेंकडा दहांनीं उतरला कीं नाण्यांची किंमत नऊ लाख होते. तेवढें तर देणेंच आहे, म्हणजे त्याचा स्वतःचा लाख संपूर्ण गेला. येथें दहापट उसनवारी धरली. त्या काळीं कांहीं परदेशी पेढ्यांवर शंभरपटीची मुभा होती, आणि तिच्यांत शेंकडा एक घसरणही पुरेशी होते. शिवाय येथें तगाद्याची चिठ्ठीसुद्धां येत नाहीं. यंत्रच आपोआप नाणीं विकून टाकतें. त्या विक्रीनें भाव आणखी उतरतो, उतरलेल्या भावानें पुढच्याचें तारण तुटतें, त्याचीं नाणीं विकलीं जातात, आणि पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें मजल्यावर मजला खालीं येतो.

शेअरबाजारांत अशा वेळीं थोडा दम खाण्याची सोय आहे. अमेरिकेंत निर्देशांक शेंकडा सातानें पडला कीं व्यवहार पंधरा मिनिटें बंद ठेवतात. १२ मार्चला तसे ते बंद ठेवावे लागले. मुंबईंत दुसऱ्या दिवशीं, शुक्रवारीं सकाळीं, बाजार उघडतांच शेंकडा दहाची मर्यादा तुटली आणि व्यवहार पाऊण तास थांबले. पाऊण तासानें बाजार पुन्हां सुरू झाला तो हळूहळू सांवरला, आणि त्या दिवशींचा सेन्सेक्स आदल्या दिवसाहून १,३०० वर अंकांनीं चढून बंद झाला. क्रिप्टोच्या बाजारास असा घंटानाद नाहीं, सुटीही नाहीं. त्याचे चाहते याला स्वातंत्र्य म्हणतात. पण घर पेटलें असतां दाराला कडी नसावी कीं असावी, हें आग कोठें लागली यावर अवलंबून असतें.

उसन्या पैशाची ही करामत मुंबईला नवी नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हां मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शेअर्सचा प्रचंड सट्टा उभा राहिला. बॅक बे भरणी कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस गडगडला, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशीं देणीं भागेनात. वस्तुतः कापूस, समुद्रांतील भरणी आणि बँकांचे शेअर्स या तीन निरनिराळ्या वस्तु. ज्यानें पैसा तिन्हींत वांटून ठेवला असेल त्यास आपण सावध आहों असेंच वाटत असणार. परंतु तिन्हींच्या मागें तोच उसना पैसा होता, म्हणून तिन्ही एकाच वेळीं पडल्या. सरकारचा आश्रय असलेली बॉम्बे बँकसुद्धां त्या धक्क्यांतून वांचली नाहीं. बिटकॉइन आणि शेअर्स यांचें नातें जुळलें तें याच मार्गानें.

तें किती जुळलें, याचा एक हिशेब आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें जानेवारी २०२२ मध्यें प्रसिद्ध केला. दोन वस्तूंचे भाव रोज अगदीं एका तालांत हलत असतील तर त्यांचा सहसंबंध एक धरतात, कांहीं मेळच नसेल तर शून्य. २०१७ ते २०१९ या काळांत बिटकॉइन व एस अँड पी ५०० यांच्या दैनिक चालींचा सहसंबंध ०.०१ होता, म्हणजे नव्हताच म्हणावयाचा. २०२० व २०२१ मध्यें तो ०.३६ झाला. छत्तीस शतांश हा आंकडा दिसण्यांत मोठा नाहीं, आणि तेवढ्यावरून दोन्ही बाजार एकच झाले असें म्हणणें उतावळेपणाचें होईल. पण सहसंबंध ही सरासरी आहे. शांत दिवसांत दोघे आपापल्या वाटेनें जातात आणि भीतीच्या दिवसांत हात धरतात. सरासरींत हे दोन्ही प्रकारचे दिवस एकत्र मिसळतात. गृहस्थाला काळजी असते ती भीतीच्या दिवसांची.

हें साहचर्य केवळ उतरणीचें नव्हे, चढणीचेंही आहे. मार्च २०२० मध्यें अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनें व्याजाचा दर जवळजवळ शून्यावर आणला व कर्जरोख्यांच्या खरेदीस मर्यादाच ठेवली नाहीं. स्वस्त पैशाचा पूर जिकडे उतार मिळेल तिकडे वाहिला. २३ मार्च २०२० रोजीं २६,००० च्या खालीं असलेला सेन्सेक्स सप्टेंबर २०२१ मध्यें ६०,००० पार गेला, आणि ५,००० डॉलरच्या खालीं गेलेलें बिटकॉइन त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ६९,००० च्या घरांत पोंचलें. तेव्हां पुष्कळांनीं हा नाण्याचाच पराक्रम मानला. मार्च २०२२ पासून तीच बँक महागाईस आळा घालण्यासाठीं व्याज वाढवूं लागली, वर्षाअखेर दर सव्वाचार टक्क्यांवर गेला, आणि पूर ओसरला. त्या वर्षांत एस अँड पी ५०० शेंकडा एकोणीस, नॅसडॅक शेंकडा तेहतीस आणि बिटकॉइन शेंकडा साठांहून अधिक उतरलें. महागाईपासून रक्षण करणें हें ज्याचें ब्रीद, तें महागाईच्याच वर्षीं सर्वांत अधिक पडलें. जुनें, मुकें सोनें मात्र डॉलरच्या हिशेबांत वर्षाअखेर जवळजवळ जेथल्या तेथें होतें.

आतां उलट दिशेनें पाहिलें तर चित्र निराळें दिसतें. शेअरबाजार शिंकला तर क्रिप्टोला ताप येतो. पण क्रिप्टोच्या बाजारांत साथ आली तरी शेअरबाजार आपला व्यवहार चालू ठेवतो. ११ नोव्हेंबर २०२२ रोजीं एफटीएक्स ही जगांतील मोठ्या क्रिप्टो पेढ्यांपैकीं एक पेढी दिवाळ्यांत गेली. तिच्या संस्थापकास पुढें अफरातफरीबद्दल पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. दिवाळ्याच्या आदल्या दिवशीं, ठेवीदार आपले पैसे मागत दारांत उभे असतां, न्यूयॉर्कचा शेअरबाजार काय करीत होता? महागाईचा आंकडा अपेक्षेहून कमी आल्याच्या आनंदांत तो शेंकडा साडेपांचनें वर चढला. ही शेअरबाजाराची निष्ठुरता नव्हे. बँकांनीं आणि विमा कंपन्यांनीं तोंवर या नाण्यांत फारसा पैसा गुंतविला नव्हता, म्हणून तिकडचें देणें इकडे थकलें नाहीं, इतकेंच.

बिटकॉइनच्या बाजूनें बोलणारा एक प्रसंग आहे, आणि तो न सांगणें अन्याय होईल. मार्च २०२३ मध्यें अमेरिकेंतील बँकांवरच संकट आलें. १० मार्च रोजीं सिलिकॉन व्हॅली बँक सरकारनें ताब्यांत घेतली, दोन दिवसांनीं सिग्नेचर बँकेलाही टाळें लागलें, बँकांचे शेअर्स धडाधड पडूं लागले. पण २०,००० डॉलरच्या आसपास घोटाळणारें बिटकॉइन त्याच महिन्यांत २८,००० पर्यंत चढलें. ज्या व्याधीसाठीं औषध काढलें होतें, त्याच व्याधींत तें लागूं पडलेलें दिसलें. कांहीं अंशीं हें खरेंही मानतां येईल. परंतु बँका अडचणींत आल्यामुळें आतां व्याजवाढ थांबेल ही आशाही त्या तेजींत होतीच, आणि औषधाचा गुण किती व आशेचा किती, हें वेगळें काढणें कठीण आहे. त्याच दिवसांत दुसरीही एक गोष्ट घडली. ज्याची किंमत सदैव एक डॉलर राहील असें अभिवचन होतें, त्या यूएसडीसी नांवाच्या नाण्याच्या तारणापैकीं ३३० कोटी डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेंत अडकले होते. ११ मार्चला तें नाणें ८८ सेंटांच्याही खालीं आलें. १२ मार्चच्या रात्रीं सरकारनें सर्व ठेवींची हमी घेतली, तेव्हां तें पुन्हां डॉलरावर येऊन बसलें. बँकांवर अविश्वास म्हणून निघालेल्या नाण्यांच्या कुळांतील एका नाण्याचा जीव बँकेच्या ठेवींत होता, आणि तो वांचविला सरकारनें.

१० जानेवारी २०२४ रोजीं अमेरिकेच्या नियामक मंडळानें शेअरबाजारांतच खरेदी-विक्री होणाऱ्या बिटकॉइन फंडांना परवानगी दिली. आतां एकाच दलालाच्या एकाच खात्यांत शेअर्स आणि बिटकॉइन शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं, आणि संकटांत एकाच्या तगाद्यासाठीं दुसरें विकणें अधिकच सोपें झालें. त्याच वर्षीं जुलैअखेर जपानच्या बँकेनें व्याज किंचित् वाढवितांच स्वस्त येन उसने घेऊन जगभर गुंतविणाऱ्यांची ऑगस्टमध्यें पळापळ झाली. सोमवारीं, ५ ऑगस्टला, टोकियोचा निक्केई शेंकडा बारांहून अधिक कोसळला आणि बिटकॉइन ५०,००० डॉलरच्या खालीं गेलें. पण टोकियो, मुंबई, न्यूयॉर्क बंद असतां शनिवार-रविवारींच त्याची घसरण सुरू झाली होती. बाकीचीं दुकानें बंद असलीं म्हणजे भीतीला जाण्यास तेवढें एकच दार उघडें राहतें.

भारतांतील गृहस्थास यांत आणखी दोन गोष्टींचा हिशेब धरावा लागतो. २०२२ च्या अंदाजपत्रकापासून अशा नाण्यांवरील नफ्यास शेंकडा तीस कर आहे. तोटा झाला तर तो शेअर्सच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही नफ्यांतून वजा करतां येत नाहीं, एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यांतूनही नाहीं. दुसरें, बँकेंतील ठेवीस फेब्रुवारी २०२० पासून पांच लाखांपर्यंत विमा आहे. क्रिप्टो पेढीवर ठेवलेल्या नाण्यांस तो नाहीं. संकटांत दोन्हीकडे घट आली असतां ही उणीव एकदम डोळ्यांत भरते; तेजीच्या दिवसांत तिची आठवण कोणी काढत नाहीं.

ऑक्टोबर २०२५ मध्यें सोन्यानें प्रथमच ४,००० डॉलरची रेषा ओलांडली आणि त्याच आठवड्यांत बिटकॉइन सव्वा लाख डॉलरांच्या वर गेलें. दोन सोनीं खांद्याला खांदा लावून उभीं आहेत, असें कोणासही वाटावें. १० ऑक्टोबरला, शुक्रवारीं, अमेरिकेच्या अध्यक्षांनीं चिनी मालावर जबर जकात बसविण्याची धमकी दिली. न्यूयॉर्कचा निर्देशांक शेंकडा पावणेतीननें उतरला आणि बाजार ठरल्या वेळीं बंद झाला. शंभर टक्के जकातीची घोषणा आली ती त्यानंतर, भारतांतील घड्याळांत शनिवारची पहाट होत असतां. शेअर्स विकूं पाहणाऱ्यांना सोमवारपर्यंत थांबणें भाग होतें. बिटकॉइन मात्र विकतां येत होतें. कांहीं तासांत तें १,०५,००० च्या आसपास आलें आणि सुमारें १,९०० कोटी डॉलरांचे उसनवारीचे सौदे यंत्रांनीं आपोआप मोडून टाकले. क्रिप्टोच्या इतिहासांत एका दिवसांत इतके सौदे पूर्वीं कधीं मोडले नव्हते. मुंबईंत दूधवाले फिरूं लागले होते. सोमवारीं दलाल स्ट्रीटवर किरकोळ घसरणीपलीकडे कांहीं झालें नाहीं.